चिमटा, परवाना आणि सातशे ग्रॅमचे विमान

बदलीच्या गावी पोहोचलेला मराठी माणूस सामानाचे खोके उघडण्यापूर्वी तेथील महाराष्ट्र मंडळाचा पत्ता शोधतो. मीही प्रत्येक गावी तेच केले. गणेशोत्सवाची वर्गणी दिली, कोजागरीचे दूध प्यालो, दिवाळी अंकांसाठी रांगेत नंबर लावला. म्हैसूरला आल्यावर मात्र मला आणखी एका मंडळीत प्रवेश मिळाला. म्हैसूरहून मानंदवाडीच्या रस्त्याने पन्नासेक किलोमीटर गेले की हेग्गडदेवनकोटे लागते. त्यास सर्वजण एच. डी. कोटे म्हणतात. तेथे गावाबाहेर, नाचणी काढून झालेल्या एका शेतात, ही मंडळी रविवारी सकाळी जमते आणि स्वतः बनविलेली ग्लायडर्स व विजेच्या मोटारीची छोटी विमाने उडविते. सभासद आठ. एक निवृत्त विज्ञानशिक्षक, ज्यांना सारे ‘मेष्ट्रु’ म्हणतात. एक मोबाइल दुरुस्त करणारा. ज्यांचे शेत आहे ते तंबाखू पिकविणारे दोघे भाऊ. आयटीआयमध्ये शिकणारा एक अठरा वर्षांचा मुलगा. बाकीचे येऊन-जाऊन. क्लबला नाव नाही, पाटी नाही, पावतीपुस्तक नाही.

या क्लबविषयी, आणि त्याच्या निमित्ताने आमच्या शासनव्यवस्थेच्या एका जुन्या खोडीविषयी, आज लिहावयाचे आहे. नेहमीप्रमाणे, मते माझी आहेत. माझ्या खात्याची नव्हेत.

माझा प्रवेश विनाअर्ज झाला, पण सहज झाला नाही. पहिले चार रविवार मेष्ट्रूंनी मला रिमोटला हात लावू दिला नाही. मी शेतातले दगड वेचले, विमान उडविणाऱ्याच्या शेजारी उभे राहून आकाशात दुसरे विमान, घार किंवा रस्त्याने येणारे मूल दिसल्यास सांगण्याचे काम केले. बॅटरी कशी सांभाळावी हे शिकलो. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक घट ४.२ व्होल्टच्या वर भरावयाचा नाही आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यावयाचा नाही. नाहीतर ती फुगते आणि प्रसंगी पेट घेते. पंख्यासमोर कोणी उभे राहावयाचे नाही. बॅटरी जोडावयाची ती उड्डाणाच्या रेषेवर आल्यावरच. रिमोट बंद करून पाहावयाचे, म्हणजे संपर्क तुटल्यास मोटार आपोआप थांबते की नाही ते कळते. माणसांच्या डोक्यावरून विमान न्यावयाचे नाही. एकदा मी उत्साहाच्या भरात ते नेले, तेव्हा मेष्ट्रूंनी, एका केंद्रीय अधिकाऱ्याची यत्किंचितही पर्वा न करता, रिमोट माझ्या हातातून काढून घेतला आणि तीन आठवडे परत दिला नाही. तीस वर्षांच्या सेवेत मला इतकी त्वरित आणि इतकी योग्य शिक्षा दुसऱ्या कोणी केली नाही.

आणखी एक नियम तेथे मी शिकलो. कबिनी धरणाच्या पाण्याकडे विमान न्यावयाचे नाही. धरणाचा जलाशय नागरहोळे आणि बंदीपूर या दोन जंगलांच्या मधोमध पसरला आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठच्या ओल्या गवतावर हत्तींचे कळप उतरतात. तो देखावा पाहण्यास जगभरातून पर्यटक येतात, आणि वरून छायाचित्र काढण्याचा मोह कोणालाही व्हावा असाच तो आहे. या आठ जणांच्या बैठकीत त्यावर मतभेद झाल्याचे मी कधी ऐकले नाही. त्यातील दोघांच्या शेतात हत्ती येऊन गेलेले आहेत. बिथरलेला हत्ती म्हणजे काय हे त्यांना परिपत्रकातून कळावयाचे नव्हते.

वाचकांपैकी जे सरकारी सेवेत आहेत, त्यांच्या मनात आचरण नियमांचा प्रश्न आलाच असेल. तोही सांगून टाकतो. १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियमांतील सहाव्या नियमानुसार देशाची अखंडता, सार्वजनिक सुव्यवस्था वा नीतिमत्ता यांना बाधक अशा संघटनेत मला सामील होता येत नाही. थर्माकोलच्या पंखांपासून तसा धोका संभवत नाही, असे माझे मत झाले. पंधराव्या नियमानुसार हौशी खेळाडू म्हणून खेळात भाग घेण्यास पूर्वपरवानगी लागत नाही. आणि क्रीडा वा मनोरंजनाच्या क्लबच्या व्यवस्थापनातही भाग घेता येतो, मात्र तो क्लब नोंदणीकृत असला पाहिजे, निवडून येण्याचे पद नसले पाहिजे आणि महिन्याभरात सरकारला कळविले पाहिजे. मंडळींनी मला ‘अध्यक्ष व्हा, सार’ म्हणून आग्रह केला, तेव्हा मी हे सारे त्यांना कन्नडमध्ये समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. माझे कन्नड आणि आचरण नियम यांपैकी त्यांना अधिक दुर्बोध काय वाटले, सांगता येत नाही. मी साधा सभासदच राहिलो.

आता मूळ विषय.

गेल्या फेब्रुवारीतील एका रविवारी आयटीआयच्या त्या मुलाचे ग्लायडर ऊन तापू लागल्यावर वर चढणाऱ्या हवेत सापडले. शेतावर एक घार पंख न हलविता घिरट्या घालीत होती. त्याने तिच्या खालीच आपले ग्लायडर नेले, आणि तेही वर चढू लागले. हीच या छंदातील परमोच्च घटका. मोटार बंद, आवाज नाही, आणि वर चढणारे ते पांढरे टिंब. पुढे वारा वळला, टिंब दिसेनासे झाले आणि विमान दीडएक किलोमीटरवरील एका अनोळखी शेतात उतरले. कोणाला इजा नाही, पिकाचे नुकसान नाही. पण कोणीतरी ‘ड्रोन पडला’ अशी वर्दी दिली आणि विमान एका कार्यालयात जमा झाले. कोणत्या, ते सांगत नाही. ते कोणतेही असू शकले असते. माझे स्वतःचेसुद्धा.

मी मुलाबरोबर गेलो. समोरचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या: नोंदणी क्रमांक, विमा, आणि ‘फ्लाइट कंट्रोल मॉड्यूल’चा अनुक्रमांक. मी म्हणालो, यात ते यंत्र नाही. एक रिसीव्हर आहे, दोन सर्वो मोटारी आहेत, बाकी बाल्सा लाकूड आणि फोम. एकूण वजन सातशे ग्रॅम. ते म्हणाले, “पण रकान्यात काहीतरी भरावे लागेल ना?”

त्यांची चूक नव्हती, हे मला आवर्जून सांगावयाचे आहे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेले ड्रोन नियम मी त्या रात्री पुन्हा वाचले. हे नियम वाईट नाहीत. किंबहुना आमच्याकडे होणाऱ्या नियमांच्या मानाने बरेच चांगले आहेत. त्याच वर्षीच्या मार्चमधील नियमांत पंचवीस अर्ज होते, ते पाचवर आले. शुल्काचे बहात्तर प्रकार होते, ते चारवर आले. विमानतळापासून दूर, हिरव्या क्षेत्रात, ४०० फुटांपर्यंत उडविण्यास पूर्वपरवानगी नको. दोन किलोपर्यंतचे यान व्यवसायासाठी नसेल तर वैमानिकाचे प्रमाणपत्र नको. आणि केवळ शिक्षण, संशोधन वा मनोरंजनासाठी दृष्टिपथात उडविल्या जाणाऱ्या, पंचवीस किलोपर्यंतच्या ‘मॉडेल’ विमानास प्रकार-प्रमाणपत्रही नको. म्हणजे हे विमान वेगळे आहे, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते! तथापि नोंदणीच्या प्रकरणात आल्यावर त्यांचा त्यांनाच विसर पडला. तेथे नोंदणी क्रमांक जोडला जातो तो निर्मात्याने दिलेल्या अनुक्रमांकाशी, उड्डाण नियंत्रण यंत्राच्या अनुक्रमांकाशी आणि जमिनीवरील नियंत्रण केंद्राच्या अनुक्रमांकाशी. येथे निर्माता म्हणजे तो मुलगा. नियंत्रण यंत्र म्हणजे त्याचे दोन अंगठे. त्यांना अनुक्रमांक कोणता द्यावा?

विम्याचेही तसेच. २५० ग्रॅमपर्यंतचे यान सोडले तर तृतीय पक्षाचा विमा हवा. मागणी रास्त आहे. दोन किलोचे विमान ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने एखाद्याच्या डोक्यावर आदळले तर काय होईल, हे सांगण्यास भौतिकशास्त्र लागत नाही. पण सातशे ग्रॅमच्या, घरी केलेल्या, दर महिन्यास मोडणाऱ्या व पुन्हा चिकटविल्या जाणाऱ्या एका वस्तूचा स्वतंत्र विमा कोणती कंपनी, कोणत्या हप्त्यात उतरविणार? असा विमा समूहाचाच असू शकतो. ब्रिटन व अमेरिका येथे मॉडेल विमानवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनांचे सभासदत्व घेतले की दायित्वाचा विमा त्यातच येतो. समूह म्हटला की क्लब आला. आणि आमच्या नियमांत नेमका तोच शब्द नाही. बेचाळिसाव्या नियमाने संशोधनासाठी उडविणाऱ्या काहींना नोंदणीसह बहुतेक अटींतून सूट दिली आहे: मान्यताप्राप्त संशोधन संस्था, शिक्षणसंस्था, नवउद्योग, चाचणी संस्था, जीएसटी क्रमांक असलेले उत्पादक. सरकार, विद्यापीठ आणि बाजार. चौथे काही समाजात असते, याची नोंद त्या यादीत नाही.

आणि हे चौथे काय करू शकते, याचे या छंदाइतके चोख उदाहरण मला अन्यत्र आढळलेले नाही. मी महाविद्यालयात एनसीसीच्या हवाई शाखेत होतो. (ही शाखा १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कलकत्ता येथे एकेका स्क्वाड्रनने सुरू झाली, विमानाची मॉडेल्स बनविणे हा आजही तिच्या प्रशिक्षणाचा भाग आहे.) त्या काळी दोन रेडिओ-रिमोट एकाच चॅनलवर सुरू झाले की दोन्ही विमाने बेताल होऊन खाली येत. सरकारची तजवीज अशी की, १९३३ च्या बिनतारी कायद्यान्वये असे यंत्र जवळ बाळगण्यासच परवाना लागे. परवाना असलेले दोघे एकाच मैदानावर एकाच चॅनलवर आले तर? कायदा गप्प. त्यावर जगभरच्या क्लबांनी काढलेला तोडगा म्हणजे एक फळी आणि कपडे वाळत घालण्याचे लाकडी चिमटे. प्रत्येक चॅनलचा एक चिमटा. तो ज्याच्या रिमोटच्या एरियलला लावलेला, त्यानेच रिमोट सुरू करावयाचा. उड्डाण झाले की चिमटा फळीवर परत. चिमटा न घेता रिमोट सुरू करणाऱ्याचे त्या मैदानावर पुन्हा तोंड दिसत नसे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे दोन नावे आठवल्यावाचून राहत नाहीत. जेम्स बुकॅनन यांनी १९६५ साली क्लबांचा आर्थिक सिद्धान्त मांडला. सर्वांचे नाही आणि एकट्याचेही नाही, अशा वस्तूचा उपभोग किती जणांनी व कोणत्या वर्गणीत वाटून घ्यावा, हा त्यांचा प्रश्न. एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात कुरणे, कालवे आणि मासेमारीची पाणी लोक स्वतःच नियम करून कशी राखतात ते दाखविले. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आमच्या पिढीने एम. ए. ला बाजार शिकला आणि राज्य शिकले. या दोघांमधली जागा परीक्षेस नव्हती म्हणून राहून गेली. नंतर आम्ही परीक्षा देऊन अधिकारी झालो.

सरकारला विश्वास ठेवता येत नाही असेही नाही. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला. आज आपल्या घरातील वाय-फाय त्यावर चालते, आणि मेष्ट्रूंचा रिमोटही. नव्या तंत्राने रिमोट स्वतःच मोकळी जागा शोधतो, त्यामुळे चिमटेही गेले. परवाना काढल्याने आकाश कोसळले नाही.

सुरक्षेचा आक्षेप मी टाळू इच्छित नाही. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटके टाकण्यात आली. पंजाबच्या सीमेवर ड्रोनने अमली पदार्थ येतात. ज्याच्या टेबलावर ही प्रकरणे असतात त्याने सावध असलेच पाहिजे. त्याच्या जागी मीही असेन. परंतु स्फोटके पाठविणारा नोंदणी क्रमांक काढून पाठवीत नाही. नोंदणीने सापडतो तो सापडण्यास तयार असलेला मनुष्य. आणि संशयास्पद उड्डाणाची पहिली खबर कोण देऊ शकेल? जो दर रविवारी त्याच आकाशाकडे पाहतो, आवाजावरून मोटार ओळखतो आणि गावात नवे यंत्र कोणाकडे आले हे ज्याला ठाऊक असते, तो. असा मनुष्य राज्याच्या बाजूला असावा की राज्याला पाहून विमान पोत्यात लपविणारा असावा, हा निर्णय आम्ही नकळत घेऊन टाकला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने ड्रोनविषयक नव्या विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला, त्यात तर काही उल्लंघनांना तुरुंगवास सुचविलेला होता. मला लष्करी ड्रोनची चिंता वाटते. बाल्साच्या लाकडासाठी तुरुंगाची तरतूद वाचून अधिक वाटली.

अन्य देशांनी हा प्रश्न सोडविलेला आहे, आणि तेथेही दहशतवाद आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमावलीत सोळावे कलम खास मॉडेल विमानांच्या क्लबांसाठी आहे: क्लबची कार्यपद्धती तपासून एकदा मान्यता द्यावी, सभासदांना क्लबने सांभाळावे. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यात हौशी उड्डाणांना समाजाधारित संघटनांच्या सुरक्षानियमांशी जोडले आहे. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त संघटनांच्या सभासदांना मर्यादित वजनाची ग्लायडर्स ४०० फुटांच्या वरही नेता येतात; कारण वर चढणाऱ्या हवेला ४०० फुटांचा नियम माहीत नसतो, हे तेथील नियामकाने ऐकून घेतले. आणि हौशी लोक केवळ सवलती मागतात असेही नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत विजेच्या ग्लायडरचा एक प्रकार आहे. त्यात मोटार फार तर तीस सेकंद चालवावयाची, आणि मोटारीने जितके मीटर वर जाल त्याच्या निम्मे गुण वजा. २०० मीटरच्या पुढे दर मीटरला सहापट वजावट. उंचीवर बंदी नाही. उंचीला किंमत आहे. असा करार आमच्या एखाद्या मंत्रालयाने रचला असता तर त्यावर दोन परिसंवाद झाले असते.

म्हैसूरचे नाव निघाले आहे म्हणून एक विषयांतर. ‘वैमानिकशास्त्र’ म्हणून जो ग्रंथ सांगितला जातो, तो याच शहरात जी. आर. जोसयर यांनी प्रकाशात आणला. इंग्रजी भाषांतरासह तो १९७३ साली छापला गेला. पुढच्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी तो सहानुभूतीने वाचला, आकृत्या तपासल्या, आणि ग्रंथ विसाव्या शतकातील आहे व त्यातील विमाने उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष दिला. शिवकर बापूजी तळपद्यांच्या १८९५ च्या चौपाटीवरील उड्डाणाची कथा आपण मराठी माणसे अजून सांगतो. तिला समकालीन विश्वसनीय पुरावा नाही. न उडालेल्या विमानांचा आम्हाला अभिमान आहे. खरोखर उडालेले विमान शेतात उतरले, तर त्याचा पंचनामा होतो.

ग्लायडर तीन आठवड्यांनी परत मिळाले. कपाटावर ठेवले होते, वर कोणीतरी नस्त्यांचा गठ्ठा ठेवला असावा. डावा पंख मोडला होता. परत देताना हमीपत्र लिहून द्यावे लागले. मुलाला इंग्रजी मसुदा जमेना, म्हणून तो मी लिहिला. तीस वर्षांचा सराव असल्याने चांगला झाला. ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून यापुढे कोणतेही मानवरहित यान उडविणार नाही.’ कायद्याने ज्या परवानगीची गरजच नाही ती मी माझ्या हाताने त्याच्यावर लादली. कारण मसुदा स्वीकारला जाणे मला महत्त्वाचे वाटले. त्याने सही केली.

ही माझी पहिली वेळ नव्हती. सुमारे वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका राज्यात, एका महाविद्यालयाचा अर्ज माझ्याकडे आला होता: आमच्या ताब्यातील पडीक जागा रविवारी दोन तास विद्यार्थ्यांना मॉडेल विमानांसाठी वापरू द्यावी. मी शेरा लिहिला: ‘विद्यमान नियमांत तरतूद आढळत नाही. नस्तीबंद करावे.’ तरतूद मनाईची आढळत नव्हती की परवानगीची, हे पाहण्याचे मला सुचले नाही. त्या जागेवर पुढे बाभळी वाढल्या.

विधेयकाच्या मसुद्यावर नागरिक म्हणून कळविण्यासाठी मी एक वाक्य तयार केले होते. ते येथे देतो. नियमांतही ते तसेच बसेल. बेचाळिसाव्या नियमाच्या यादीत एक बाब वाढवावी, आणि संशोधनाच्या जोडीला मनोरंजनही घालावे: ‘ज्याचे किमान पाच सभासद आहेत, ज्याने उड्डाणाची जागा व लेखी सुरक्षानियम डिजिटल स्काय मंचावर एकदा नोंदविले आहेत आणि ज्याचा सामूहिक तृतीय पक्ष विमा आहे, असा मॉडेल विमानांचा क्लब.’ त्यासोबत, दोन किलोपर्यंतच्या घरगुती विमानावर सभासद क्रमांक चिकटविला की तोच नोंदणी क्रमांक समजावा. हरवलेल्या विमानाचा मालक शोधण्यास तेवढे पुरते. नवे कार्यालय नको, पद नको, शुल्क नको. वित्त विभागाच्या संमतीची गरज पडू नये, असा प्रस्ताव आयुष्यात क्वचितच तयार करता येतो.

क्लब आता नोंदणी करावयाची म्हणतो आहे. कर्नाटकाच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याचा अर्ज मी आणून दिला. नाव काय ठेवावे यावर दोन रविवार गेले. दोघा भावांपैकी थोरल्याला केरळचे कोणी आले लावण्यासाठी शेत भाडेपट्ट्याने मागत आहे; त्याने अजून होकार दिलेला नाही. मेष्ट्रूंनी ग्लायडरचा डावा पंख काढून नवा बसविला आहे. मागच्या आठवड्यात मी तो घेऊन मुलाच्या घरी गेलो. तो अंगणात मोटारसायकल धूत होता. हमीपत्राला कायद्याचा आधार नाही, ते मीच चुकीचे लिहिले, हे मी त्याला दोनदा सांगितले. त्याने विमान हातात घेतले, बोटांवर तोलून गुरुत्वमध्य पाहिला, नाकात थोडे शिसे कमी पडते आहे म्हणाला, आणि मला परत दिले.

“बेडा, सार.” नको, साहेब.